राहुल अँड आय

राहुल अँड आय हा आशा भोसले यांचा १९९० च्या दशकाच्या मध्यात प्रकाशित झालेला रिमिक्स आल्बम आहे. संगीतकार राहुल देव बर्मन यांनी स्वरबद्ध केलेली आणि आशा भोसले यांनी पूर्वी चित्रपटांसाठी गायलेली गीते या आल्बममध्ये नृत्यप्रधान तालावर नव्याने मांडण्यात आली. नव्या संगीतरचनेची जबाबदारी गिटारवादक आणि संगीतकार लेस्ली लुईस यांनी सांभाळली. शीर्षकातील ‘राहुल’ म्हणजे राहुल देव बर्मन आणि ‘आय’ (मी) म्हणजे स्वतः गायिका.

जुन्या चित्रपटगीतांना नवा ठेका देण्याची लाट भारतात जोर धरत असताना हा आल्बम आला. अशा बहुतेक ध्वनिमुद्रणांत मूळ गायक किंवा गायिका नसे, आणि अनेकदा त्यांची संमतीही घेतलेली नसे. येथे मात्र मूळ गायिकेनेच आपल्या गाण्यांचे नवे रूप लोकांसमोर ठेवले. त्यामुळे जुने गाणे बदलावे की नाही, बदलायचे असल्यास तो अधिकार कोणाचा, आणि बदललेल्या गाण्याचे श्रेय कोणाला, या वादात या आल्बमचा उल्लेख होत राहिला.

पार्श्वभूमी

आशा भोसले यांचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ रोजी तत्कालीन सांगली संस्थानात झाला. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर मंगेशकर कुटुंब पुण्याहून कोल्हापूरला आणि पुढे मुंबईला गेले. कोल्हापूर त्या काळी मराठी चित्रपटनिर्मितीचे महत्त्वाचे केंद्र होते. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच शहरात उभी राहिली. १ जून १९२९ रोजी स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनीही मूळची कोल्हापूरची असून ती १९३३ मध्ये पुण्यास गेली.

मूळचे कोल्हापूरचे असलेले अभिनेते-दिग्दर्शक मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्स या संस्थेने दीनानाथांच्या पश्चात या कुटुंबाला आधार दिला. लता मंगेशकर या संस्थेत काम करू लागल्या. याच संस्थेच्या माझं बाळ (१९४३) या मराठी चित्रपटासाठी आशा भोसले यांनी पहिले चित्रपटगीत गायले. त्याचे संगीतकार दत्ता डावजेकर होते. गायिका त्या वेळी दहा वर्षांच्या आतबाहेर होत्या. १९४५ मध्ये प्रफुल्ल पिक्चर्सचे बस्तान मुंबईला हलल्यावर मंगेशकर कुटुंबही मुंबईत आले. पुढे पाच दशकांनी स्वतःच्या गाण्यांचा रिमिक्स आल्बम काढणाऱ्या या गायिकेची चित्रपटसंगीतातील वाटचाल अशा रीतीने कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीतून सुरू झाली होती.

राहुल देव बर्मन यांचा जन्म २७ जून १९३९ रोजी कोलकात्यात झाला. संगीतकार सचिन देव बर्मन हे त्यांचे वडील. चित्रपटसृष्टीत ते ‘पंचम’ या नावाने ओळखले जात. छोटे नवाब (१९६१) हा स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचा पहिला प्रदर्शित चित्रपट होता. १९६६ च्या तीसरी मंजिल या चित्रपटाने त्यांना आणि त्यांच्या पाश्चात्त्य वळणाच्या संगीताला व्यापक लोकप्रियता मिळवून दिली. आशा भोसले आणि राहुल देव बर्मन यांचा विवाह १९८० मध्ये झाला. ४ जानेवारी १९९४ रोजी मुंबईत बर्मन यांचे निधन झाले. त्यांचे संगीत असलेला १९४२: अ लव्ह स्टोरी हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झाला आणि त्यातील गीते अतिशय गाजली. अखेरच्या काही वर्षांत फारसे काम न मिळालेल्या या संगीतकाराकडे त्यानंतर रसिकांचे आणि ध्वनिमुद्रण व्यवसायाचे लक्ष पुन्हा वळले.

मूळ गीते

आल्बमचा पाया असलेला आशा–बर्मन जोडीचा गीतसंग्रह सुमारे तीन दशकांचा आहे. त्यातील नृत्यगीतांचा काळ प्रामुख्याने १९६६ ते १९७३ हा होय.

तीसरी मंजिलमधील महंमद रफी यांच्यासह गायचे नृत्यगीत आशा भोसले यांनी प्रथम ऐकले, तेव्हा ही पाश्चात्त्य धाटणीची चाल आपल्याला जमणार नाही असे त्यांना वाटले. बर्मन यांनी चाल बदलण्याची तयारी दाखवली. परंतु गायिकेने ती नाकारली आणि दहा दिवसांच्या सरावानंतर गीत पूर्ण केले. कारवाँ (१९७१) या चित्रपटात हेलन यांच्यावर चित्रित झालेल्या कॅबरे गीतात बर्मन यांचा स्वतःचा आवाजही ऐकू येतो. त्याच वर्षीच्या देव आनंद दिग्दर्शित हरे रामा हरे कृष्णामधील ‘दम मारो दम’ हे गीत एका पिढीची ओळख बनले. या दोन्ही गीतांसाठी आशा भोसले यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. जवानी दीवानी (१९७२) आणि यादों की बारात (१९७३) हे याच काळातले आणखी दोन महत्त्वाचे चित्रपट. यादों की बारातमधील एका गीताची सुरुवात काचेच्या पेल्यावर आघात करून काढलेल्या नादाने होते. नित्याच्या वापरातील वस्तूंतून ध्वनी शोधण्याच्या बर्मन यांच्या सवयीचे उदाहरण म्हणून त्याचा नेहमी उल्लेख होतो.

या जोडीचे काम नृत्यगीतांपुरते मर्यादित नव्हते. गुलजार यांच्या गीतांचा दिल पडोसी है हा चित्रपटबाह्य आल्बम १९८७ मध्ये आला. त्याच वर्षीच्या इजाजत या चित्रपटातील मुक्तछंदातील गीतासाठी आशा भोसले यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. रिमिक्ससाठी मात्र मुख्यतः ठेक्याच्या गीतांचीच निवड होत राहिली. त्यामुळे नव्या श्रोत्यांच्या मनात बर्मन यांची प्रतिमा काहीशी एकांगी झाली, असा एक आक्षेप पुढे घेतला गेला.

रिमिक्स म्हणजे काय

गाण्याचे ध्वनिमुद्रण करताना गायन, तालवाद्ये, तंतुवाद्ये इत्यादी ध्वनी वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदवता येतात. या पट्ट्या योग्य प्रमाणात एकत्र करण्याच्या क्रियेला ‘मिक्स’ किंवा मिश्रण म्हणतात. त्याच पट्ट्या पुन्हा वापरून, काही वगळून व काही नव्याने जोडून केलेले दुसरे मिश्रण म्हणजे ‘रिमिक्स’. या तंत्राची मुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात घडलेल्या ‘डब’ संगीतात आणि १९७० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या डिस्को क्लबांत सापडतात. नाचणाऱ्यांना गाणे लवकर संपू नये असे वाटे. म्हणून तालाचा भाग लांबवलेल्या आवृत्त्या बारा इंची तबकड्यांवर निघू लागल्या.

एकाच कलाकाराच्या पूर्वीच्या गीतांच्या अशा आवृत्त्या एकत्र करून काढलेल्या संग्रहाला रिमिक्स आल्बम म्हणतात. अमेरिकी गायक हॅरी निल्सन यांचा एरियल पँडेमोनियम बॅले (१९७१) हा या प्रकारातील सर्वांत आधीचा आल्बम मानला जातो. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये सॉफ्ट सेल आणि ह्यूमन लीग या गटांनी आपल्या गीतांचे नृत्यसंग्रह काढले. मॅडोना या गायिकेच्या यू कॅन डान्स (१९८७) या आल्बमने हा प्रकार जगभर पोहोचवला. त्यात तिच्या आधीच्या तीन आल्बमांमधील गीते एकमेकांत मिसळून सलग ऐकवली होती. राहुल अँड आय हा आल्बम संकल्पनेच्या दृष्टीने याच परंपरेत बसतो, कारण येथेही एका गायिकेने आपलीच आधीची गीते नृत्यासाठी पुन्हा मांडली. एक फरक मात्र मोठा आहे. मॅडोनाची मूळ गीते रिमिक्सच्या वेळी जेमतेम चार-पाच वर्षांची होती, तर आशा भोसले यांची काही गीते तीन दशके जुनी होती.

हिंदी चित्रपटगीतांची तांत्रिक अडचण

भारतात रिमिक्स हा शब्द मूळ अर्थापेक्षा सैल अर्थाने वापरला जातो आणि त्यामागे तांत्रिक कारण आहे. १९६० व १९७० च्या दशकांतील बहुतेक हिंदी आणि मराठी चित्रपटगीते गायक व वाद्यवृंद यांना एकत्र बसवून मुद्रित केली जात. सर्व ध्वनी बहुधा एकाच वेळी एकवाहिनी स्वरूपात नोंदवले जात. व्हायोलिनचा समूह, तालवाद्ये आणि गायन एकदा एकजीव झाल्यावर त्यांतून केवळ आवाज वेगळा काढणे त्या काळच्या यंत्रसामग्रीने शक्य नव्हते. अनेक गीतांच्या स्वतंत्र पट्ट्या मुळात अस्तित्वातच नव्हत्या किंवा जतन केल्या गेल्या नव्हत्या.

परिणामी भारतीय रिमिक्सकारांसमोर दोन मार्ग होते. पहिला मार्ग म्हणजे जुने मुद्रण तसेच ठेवून त्यावर ड्रम मशीनचा ठेका चढवणे. यात जुना ताल आणि नवा ताल एकमेकांत अडखळत, कारण माणसांनी वाजवलेल्या तालाची गती गीताच्या ओघात किंचित कमी-जास्त होत असते, तर यंत्राची गती अचल असते. दुसरा मार्ग म्हणजे गीत नव्याने गाऊन घेणे. मूळ गायिका उपलब्ध नसल्यास किंवा तिचे मानधन परवडणारे नसल्यास नवोदित गायिकेकडून तिच्या धाटणीने गाऊन घेतले जाई. बाजारात रिमिक्स म्हणून विकल्या गेलेल्या अनेक ध्वनिफिती या अर्थाने रिमिक्स नसून नव्या वाद्यमेळाची पुनर्मुद्रणे होती. मूळ गायिकेच्या सहभागाचे महत्त्व यामुळेच जास्त होते. गाण्याची लय, श्वासाच्या जागा आणि शब्दफेक नव्या ठेक्याला कशी जुळवून घ्यायची, याचा निर्णय ज्या कंठातून ते गाणे प्रथम उमटले त्याच्याकडे राहिला.

निर्मितीचा काळ

१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात भारतातील संगीत व्यवसाय वेगाने बदलत होता. ध्वनिफितींमुळे संगीत स्वस्त झाले होते. उपग्रह वाहिन्यांवर संगीताचे कार्यक्रम दिवसभर दिसू लागले. चॅनल व्ही ही वाहिनी १९९४ मध्ये, तर एमटीव्हीची स्वतंत्र भारतीय वाहिनी १९९६ मध्ये सुरू झाली. चित्रपटाबाहेरील ‘इंडीपॉप’ संगीताला त्यामुळे व्यासपीठ मिळाले. अलिशा चिनॉय यांचा मेड इन इंडिया (१९९५) आणि हरिहरन व लेस्ली लुईस यांच्या जोडीचा कलोनियल कझिन्स (१९९६) हे या काळातील गाजलेले आल्बम होत.

ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या दक्षिण आशियाई तरुणांच्या पार्ट्यांत हिंदी गीतांना रेगे आणि हाउस संगीताचा ठेका देण्याची प्रथा आधीच रुजली होती. बर्मिंगहॅम येथील बॅली सागू यांच्या बॉलिवूड फ्लॅशबॅक (१९९४) या आल्बममधील यादों की बारातच्या गीताचे नवे रूप भारतातही तुफान लोकप्रिय झाले. म्हणजेच आशा–बर्मन जोडीचे गाणे दुसऱ्या कोणाच्या आवाजात नव्या पिढीपर्यंत पोहोचले होते. या पार्श्वभूमीवर मूळ गायिकेने स्वतः या क्षेत्रात उतरणे हे आपल्या गाण्यांवरचा हक्क सांगण्यासारखेच होते.

आशा भोसले त्या वेळी साठी ओलांडलेल्या होत्या. ए. आर. रहमान यांचे संगीत असलेल्या रंगीला (१९९५) या चित्रपटातील गीतांमुळे त्यांचा आवाज तरुण श्रोत्यांत पुन्हा ताजा झाला होता. लेस्ली लुईस हे जाहिरातींच्या संगीतातून पुढे आलेले होते. हिंदी चित्रपटांतील नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज हे त्यांचे वडील होत. चित्रपटातील नृत्यगीत आणि पाश्चात्त्य पॉप या दोन्ही परंपरांशी त्यांचा परिचय होता. या दोघांनी पुढे जानम समझा करो (१९९७) हा नव्या गीतांचा आल्बम केला. तो मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय ठरला आणि त्याला एमटीव्हीच्या पुरस्कारासह अनेक पुरस्कार मिळाले. त्या अर्थाने राहुल अँड आय हा चित्रपटगायिका ते पॉप गायिका या प्रवासातला दुवा ठरला.

प्रतिसाद आणि टीका

तरुण श्रोत्यांनी या प्रयोगाचे स्वागत केले. ज्या गाण्यांना त्यांनी आईवडिलांच्या पिढीची म्हणून बाजूला ठेवले होते, ती महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत आणि पार्ट्यांत वाजू लागली. दुसरीकडे ज्येष्ठ संगीतकार आणि जाणकार रसिकांचा एक वर्ग नाराज झाला. जुन्या चालींशी असा खेळ करण्यावर संगीतकार खय्याम यांनी टीका केली. उमराव जान (१९८१) या चित्रपटात खय्याम यांनीच आशा भोसले यांच्याकडून खालच्या पट्टीतील गझला गाऊन घेतल्या होत्या आणि त्यासाठी गायिकेला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यामुळे या टीकेला विशेष वजन होते.

लता मंगेशकर यांनीही रिमिक्सविरुद्धची भूमिका वेळोवेळी उघडपणे मांडली. त्यांच्या समाधी (१९७२) या चित्रपटातील गीताचे ‘कांटा लगा’ हे रिमिक्स २००२ मध्ये आले. मूळ गीताचे संगीतकारही राहुल देव बर्मनच होते. या रिमिक्सच्या दृक्‌फितीने मोठी खळबळ उडवली आणि विरोधाची धारही वाढवली. गाणे बदलायचे तर मूळ कवी, संगीतकार आणि गायक यांचा मान राखला जावा, त्यांची संमती घेतली जावी, हा या विरोधाचा गाभा होता.

समर्थकांचा युक्तिवाद वेगळा होता. चित्रपटगीत ही मुळातच लोकप्रिय कला असून काळानुसार वाद्यमेळ बदलणे तिला परके नाही. राहुल देव बर्मन यांनी स्वतः लॅटिन, जॅझ आणि रॉक संगीतातील घटक आपल्या रचनांत मुक्तपणे आणले होते. त्यांच्या गीतांना नवा ठेका देणे हे त्यांच्या प्रयोगशील वृत्तीशी सुसंगतच आहे, असे समर्थक मानत. यावर टीकाकारांचे उत्तर असे की, बर्मन यांच्या गीतांतील ताल हा केवळ ठेका नव्हता. मादल, बोंगो, तबला आणि घरगुती वस्तूंचे नाद यांची ती बारकाईने विणलेली रचना होती. तिच्या जागी एकसुरी ड्रम मशीन आणल्याने चाल उरते, पण संगीतकाराचा निम्मा विचार पुसला जातो.

कायदेशीर बाजू

एका चित्रपटगीतात किमान चार प्रकारचे हक्क गुंतलेले असतात: शब्दांवर गीतकाराचा, चालीवर संगीतकाराचा, ध्वनिमुद्रणावर निर्मात्याचा किंवा ध्वनिमुद्रण कंपनीचा आणि सादरीकरणावर गायक-वादकांचा. भारताच्या स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार शब्द आणि चाल यांवरील हक्क निर्मात्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षांचा असतो. उदाहरणार्थ, १९६६ मध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणाची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते. परंतु १९९४ मध्ये निधन झालेल्या बर्मन यांच्या चालींवरील हक्क २०५४ च्या अखेरपर्यंत आणि २००० मध्ये निधन झालेल्या मजरूह सुलतानपुरी यांच्या शब्दांवरील हक्क २०६० च्या अखेरपर्यंत राहतो. म्हणून जुने मुद्रण मुक्त झाले तरी गाणे मुक्त होतेच असे नाही.

अधिनियमाच्या कलम ५२(१)(ञ) मध्ये एक सवलत होती. मूळ ध्वनिमुद्रणानंतर ठरावीक काळ उलटल्यावर, सूचना देऊन आणि ठरावीक स्वामित्वधन भरून, नव्या आवाजात त्याच गीताचे स्वतंत्र मुद्रण करता येई. १९८० च्या दशकात जुन्या गीतांच्या ‘व्हर्जन’ ध्वनिफितींचा व्यवसाय प्रामुख्याने याच तरतुदीच्या आधाराने वाढला आणि त्यातून ध्वनिमुद्रण कंपन्यांमध्ये अनेक खटले झाले. मूळ कलाकारांची संमती न घेता रिमिक्स काढता येण्यामागेही हीच वाट होती.

२०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद काढून टाकण्यात आली व तिच्या जागी कलम ३१(ग) आले. त्यानुसार मूळ मुद्रणाच्या प्रकाशनानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटल्याशिवाय नवे मुद्रण करता येत नाही. किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ द्यावे लागते. वेष्टणावर हे पुनर्मुद्रण असल्याचे नमूद करणे आवश्यक असते. हक्कधारकाच्या संमतीविना, तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य नसलेला कोणताही बदल शब्दांत वा चालीत करण्यास मनाई आहे. बदल हाच ज्याचा आत्मा आहे अशा रिमिक्सला त्यामुळे परवानगीशिवाय ही वाट उरली नाही. याच दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनातील न सोडता येणारा वाटा दिला आणि सादरकर्त्या कलाकारांचे नैतिक हक्कही मान्य केले.

तथापि, ज्या कंपनीकडे गीताचे हक्क आहेत ती स्वतः रिमिक्स काढू शकते. जुन्या करारांत गीतकार-संगीतकारांचे हक्क बहुधा निर्मात्यांकडे आणि पुढे कंपन्यांकडे गेले असल्याने, कायदेशीर संमती आणि कलाकाराची संमती या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या. कायद्याने निर्दोष असलेले रिमिक्सही मूळ कलाकारांना न विचारता निघू शकते.

श्रेयाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवरही गाजला. ज्योती (१९८१) या चित्रपटातील लता मंगेशकर यांनी गायलेल्या गीताचा अंश अमेरिकी गायिका ट्रुथ हर्ट्‌स हिच्या ‘अॅडिक्टिव्ह’ (२००२) या गीतात वापरण्यात आला. लॉस एंजेलिस येथील न्यायालयाने २००३ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे श्रेय नमूद केल्याशिवाय त्या आल्बमच्या विक्रीस मनाई केली.

कोल्हापूर आणि रिमिक्सचे सार्वजनिक रूप

महानगरांत रिमिक्स हे क्लब आणि दूरचित्रवाणीचे संगीत होते. पश्चिम महाराष्ट्रात ते मुख्यतः लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत पोहोचले. कोल्हापूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शहरातील महाद्वार रोड आणि पापाची तिकटी परिसरातून जाणारी गणेश विसर्जनाची मिरवणूक पूर्वी हलगी-घुमके, लेझीम, झांजपथक आणि ढोल-ताशा यांसाठी ओळखली जाई. पुढे बेंजो पथके आणि त्यानंतर उच्च क्षमतेच्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या. स्थानिक डीजे जुन्या हिंदी गीतांबरोबरच मराठी लावण्या, कोळीगीते आणि भक्तिगीते यांनाही मिरवणुकीचा ठेका देऊ लागले. कोल्हापुरात दीर्घकाळ वास्तव्य केलेले गीतकार जगदीश खेबुडकर यांच्या पिंजरा (१९७२) या चित्रपटासाठीच्या लावण्याही या प्रवाहात आल्या. त्यांचे संगीतकार राम कदम होते.

या ध्वनियंत्रणेला कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत ‘डॉल्बी’ असे सामान्यनाम पडले. ते ज्या कंपनीच्या नावावरून आले ती १९६५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले उत्पादन ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणारे उपकरण होते. नको असलेला आवाज घालवण्यासाठी प्रसिद्ध झालेले नाव येथे कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी रूढ झाले.

ध्वनी प्रदूषण (विनियमन आणि नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातील कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या शांततेचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला. कोल्हापूर जिल्ह्यात डॉल्बीमुक्त गणेशोत्सवासाठी प्रशासन, पोलीस आणि सामाजिक कार्यकर्ते यांनी वेळोवेळी मोहिमा राबवल्या, आणि अनेक मंडळांनी पारंपरिक वाद्यांकडे परतण्याचा मार्ग स्वीकारला.

या चर्चेत रिमिक्स आणि मोठा आवाज या दोन गोष्टी अनेकदा एकच मानल्या जातात. वास्तविक पहिला प्रश्न गाण्याच्या रूपाचा आणि हक्काचा आहे, तर दुसरा सार्वजनिक आरोग्याचा. राहुल अँड आयसारख्या आल्बममधील ठेका घरातील ध्वनिफितीवर ऐकण्याच्या बेताचा होता. मिरवणुकीतील रिमिक्समध्ये मात्र खर्जातील स्पंदन अंगाला जाणवावे म्हणून वाढवले जाते, आणि त्यात मूळ गायकाचा आवाज बहुधा नाममात्र उरतो.

नंतरचा काळ आणि वारसा

आशा भोसले यांचे नाव १९९७ मध्ये ब्रिटनमधील कॉर्नरशॉप या गटाच्या ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या गीतामुळे पाश्चात्त्य श्रोत्यांपर्यंत पोहोचले. विशेष म्हणजे त्या गीताच्या मूळ आवृत्तीपेक्षा नॉर्मन कुक यांनी केलेले रिमिक्सच जास्त गाजले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. भारतीय पार्श्वगायिकेला वाहिलेली ही मानवंदनाही अशा प्रकारे रिमिक्सच्याच रूपात जगभर ऐकली गेली.

२००५ मध्ये अमेरिकेतील क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्य चौकडीसह आशा भोसले यांनी यू हॅव स्टोलन माय हार्ट हा आल्बम केला. त्यातही राहुल देव बर्मन यांचीच गीते होती आणि तबल्यावर झाकीर हुसेन होते. गायिकेने सत्तरी ओलांडल्यावर ही गीते पुन्हा गायली. या आल्बमला ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले. तीच गीते, तोच आवाज, पण ड्रम मशीनऐवजी व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो असा हा प्रयोग राहुल अँड आयच्या शेजारी ठेवून पाहिल्यास, पुनर्मांडणी म्हणजे केवळ ठेका वाढवणे नव्हे हे लक्षात येते.

हिंदी चित्रपटांत जुनी गीते नव्या रूपात वापरण्याची प्रथा पुढे नित्याची झाली. दम मारो दम (२०११) या चित्रपटात हरे रामा हरे कृष्णातील गीताची नवी आवृत्ती प्रीतम यांच्या संगीतात आली. मूळ संगीतकारांनी स्वतःचेच गीत पुन्हा घडवल्याचीही उदाहरणे आहेत. अजय-अतुल यांनी जत्रा (२००६) या मराठी चित्रपटातील आपल्या गाजलेल्या गीताची चाल अग्निपथ (२०१२) या हिंदी चित्रपटासाठी नव्याने वापरली.

यंत्रशिक्षणावर आधारित साधनांमुळे २०२० च्या दशकात जुन्या एकवाहिनी मुद्रणांतूनही गायकाचा आवाज वेगळा काढणे शक्य झाले. बीटल्स या गटाच्या ‘नाऊ अँड देन’ (२०२३) या गीतात जॉन लेनन यांचा आवाज याच पद्धतीने जुन्या ध्वनिफितीतून वेगळा करण्यात आला. १९९० च्या दशकात ज्या तांत्रिक अडचणीमुळे मूळ गायिकेला पुन्हा ध्वनिमुद्रण कक्षात यावे लागे, ती अडचण आता उरलेली नाही. इतकेच नव्हे, तर एखाद्या गायकाने कधीही न गायलेले गीत त्याच्या आवाजात तयार करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या, आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीत, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने परवानगीशिवाय आवाजाची नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. आवाज हा कलाकाराच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग असून त्याच्या वापरावर कलाकाराचा अधिकार असतो, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

राहुल अँड आय या आल्बममध्ये हा अधिकार गायिकेने स्वतः वापरला होता. जुने गाणे बदलावे का, यावर रसिकांत एकमत झालेले नाही. परंतु ते कोणी बदलले, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या नावासह, या तीन प्रश्नांची उत्तरे या आल्बमपुरती शीर्षकातच दिलेली आहेत.

हेही पाहा

आशा भोसले
राहुल देव बर्मन
लेस्ली लुईस
इंडीपॉप
प्रफुल्ल पिक्चर्स
स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७